मनोरीच्या वर्गातलं कापलेलं इंजिन

मी डिझेल इंजिन बोलतोय. माझा खरा आवाज तुम्ही ऐकलेला नाही आणि आता कधी ऐकणारही नाही. हा जो येतोय तो नुसत्या पोकळ लोखंडातून घुमणारा आवाज आहे. माझ्या पोटात काही म्हणता काही उरलेलं नाही.

माझा जन्म घाटावरच्या एका कारखान्यातला. होडीत बसवायचं इंजिन म्हणून मला घडवलं. अंग ओतीव, चाक जड, आणि खाऱ्या पाण्यात टिकावा म्हणून रंग जाड. तपासणीसाठी एका बाकावर आवळून मला दिवसभर चालवलं. आयुष्यात चाललो तो तेवढाच. काय दिवस होता तो म्हणून सांगू! अंगातून धग निघत होती, नळीतून धूर, आणि आवाज असा की माणसं एकमेकांशी खुणेनं बोलत होती. मला वाटलं, झालं, आता समुद्र. पेटीत घालून मुंबईला पाठवलं तेव्हा मी मनातल्या मनात लाटा मोजत होतो. मूर्ख कुठला!

मला विकत घेतलं घाटकोपरच्या चंद्रप्रकाशशेठनी. लोखंडाचे मोठे व्यापारी. त्यांचा एकुलता एक मुलगा नंदकुमार. त्याला इंजिनियर व्हायचं होतं. घरातलं घड्याळ, पंखा, शिवणयंत्र, काही म्हणून धड ठेवायचा नाही, सगळं उघडून बघायचा. मॅट्रिकच्या आधीच विषमज्वरानं गेला बिचारा. शेठनी त्याच्या नावानं निधी काढला. साठ-पासष्टचा तो काळ. जो तो म्हणायचा, देशाला इंजिनियर पाहिजेत. शेठना वाटायचं, ज्या घरांत कुणी शाळेची पायरी चढलं नाही त्याच घरांतून ते यावेत. माणूस चांगला होता. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येईल. मलाही येतो. पण माणूस चांगला होता.

शेठनी मला अंधेरीच्या एका वर्कशॉपमध्ये नेलं आणि मिस्त्रीला म्हणाले, "याला कापा. मुलांना आतलं दिसलं पाहिजे."

मिस्त्री नुसता बघत राहिला. नवंकोरं इंजिन कापायचं? त्याच्या हाताला ते पटेना. पण पैसे शेठचे, इंजिन शेठचं. करवत लागली. माझ्या पोटाला खिडक्या पाडल्या, डोकं अर्धं उतरवलं, पाण्याच्या वाटा उघड्या टाकल्या. मग आतून रंगवलं: पाण्याला निळा, तेलाला पिवळा, डिझेलला लाल. अगदी लग्नातल्या घोड्यासारखा दिसत होतो. पंप, नॉझल, दट्ट्या, बेअरिंगं हे बारीक कामाचे भाग मात्र मिस्त्रीनं अख्खे ठेवले. त्यांच्यावर करवत चालवणं त्याच्या जिवावर आलं. शेवटी एक हँडल लावलं. ते फिरवलं की दट्ट्या वर-खाली जायचा, झडपा उघडायच्या-मिटायच्या. बघणाऱ्याला सगळं समजावं आणि मला स्वतःला कधी काही करता येऊ नये, अशी ती व्यवस्था. कपाळावर पितळी पाटी ठोकली, नंदकुमारच्या नावाची.

मार्व्याच्या धक्क्यावरून मचव्यात घालून मला मनोरीला आणलं. खाडीपलीकडे हे कोळ्यांचं गाव. तिथल्या समुद्राकाठच्या एका खोलीत शेठच्या निधीनं यंत्रशिक्षणाचा वर्ग काढला होता. किनाऱ्यावर सगळं गाव लोटलं. गावात तेव्हा इंजिनाच्या होड्या नुकत्याच आल्या होत्या, तेही जुनी, कुणाकुणाची वापरून टाकलेली इंजिनं बसवून. नवं इंजिन आलं म्हटल्यावर मथुरामावशी हळदकुंकू आणि नारळ घेऊनच आली. नव्या होडीला, नव्या जाळ्याला, जे दर्यावर जाणार त्याला ती नारळ फोडायची. गावात तो मान तिचा. पेटी उघडायच्या आत तिनं पेटीच्या लाकडावर कुंकू लावलं, नारळ फोडला आणि विचारलं, "यो कोनाच्या होरीचा इंजान?"

"होडीचं नाही मावशी," गुणाजी मास्तर म्हणाले. "पोरांना शिकायचं इंजिन आहे."

मग पेटी उघडली. सगळे पुढे झुकले. मावशीनं माझ्या पोटातल्या खिडकीत हात घातला, बाहेर काढला आणि म्हणाली, "आरं द्येवा. जित्याचा पोट फारला."

माझ्यासाठी हळहळलेलं हे पहिलं माणूस. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गुणाजी मास्तर मुलुंडला राहायचे. मूळचे मालवणकडचे, बाप गिरणीत, स्वतः डिप्लोमा करून एका कारखान्यात लागलेले. शनिवार-रविवारी येऊन पोरांना शिकवायचे. अंगानं काटकुळे, पण शिकवायला लागले की घामाघूम होईपर्यंत हात थांबायचे नाहीत. निधीचा नियम साधा होता. वर्षातून एकदा शेठ येणार. जो मुलगा त्यांच्यासमोर उभा राहून अख्खं इंजिन समजावून देईल, त्याची पॉलिटेक्निकची फी, राहणं, जेवण सगळं निधीकडे, पार इंजिनियर होईपर्यंत.

पहिल्या वर्षी पोरं माझ्याशी खेळायला यायची. दुसऱ्या वर्षी महादू नावाचा एक जण शेठपुढे उभा राहिला आणि दोन वाक्यांत त्याची वाट लागली. पळालाच तो, पुन्हा वर्गाकडे फिरकला नाही. तिसऱ्या वर्षी चंदू आला.

चंदू सहदेव कोळ्याचा थोरला. मॅट्रिक झालेला, गावातल्या मोजक्यांपैकी. मला त्यानं पहिल्या दिवशी हातही लावला नाही. नुसता समोर उकिडवा बसून बघत राहिला. मग मास्तरांना विचारलं, "डिझेल पेटतं कशानं? ठिणगी तर कुठं दिसत नाय."

मास्तर असे हसले, जणू पोराच्या लग्नाची बोलणी जमली. दोन वर्षं हा प्रश्न कुणी विचारेल म्हणून ते वाट बघत होते. दाबानं हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं, हे त्यांनी सायकलचा पंप आणून दाखवलं. चंदूनं पंपाच्या टोकावर बोट ठेवून दाबलं, चटका लागेपर्यंत दाबलं. मग माझ्याकडे वळून हँडल फिरवायला लागला. हळूहळू. दट्ट्या वर येताना प्रत्येक वेळी थांबायचा. त्याला ते सगळं दिसत होतं हो. जे माझ्यात कधी होणारच नव्हतं, ती आग त्याला दिसत होती.

त्यानंतर तो रोजच यायचा. मास्तर नसले तरी यायचा. खोलीची किल्ली मथुरामावशीकडे असायची आणि ती त्याला नाही म्हणायची नाही. माझा एकेक भाग खोलायचा, पुसायचा, परत बसवायचा. मास्तर म्हणायचे, "चंदू, या वर्षी तू जातंस. मी लिहून देतंय." आणि पोराचे कान लाल व्हायचे. त्याची आई सगुणा मासे विकून परत येताना दारात टोपली ठेवायची, दोन मिनिटं बघायची आणि जायची. तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मुलगा गावाबाहेर जाऊन मोठा होणार एवढं तिनं मनात पक्कं धरलं होतं, आणि मीसुद्धा. माझं काही झालं नाही ते नाही, पण हा पोरगा झाला तर कापून घेतल्याचं सार्थक झालं, असं मी स्वतःला समजावत होतो.

त्या पावसाळ्यात मास्तरांना कावीळ झाली. वर्ग बंद पडला. नारळी पौर्णिमा झाली, होड्या दर्यावर निघाल्या, आणि सहदेवची होडी किनाऱ्यावरच राहिली. तिच्या इंजिनाचा डिझेलचा पंप गेला होता. नवा पंप बाजारात मिळेना. दुकानदार आज देतो, उद्या देतो करत होता. हंगामाचे दिवस, शेजारपाजारचे टोपल्या भरून आणतायत आणि हा जाळं मांडीवर घेऊन बसलेला.

एका दुपारी तो चंदूबरोबर खोलीत आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "यो पंप आपल्या इंजानाला बसंल का रं?"

"बसंल," चंदू म्हणाला. "पन बाबा, यो वर्गाचा हाय."

"वर्गान बसून काय करतं तो? डिझेल पितं का?"

चंदू पंपावरून फडका फिरवत राहिला.

"मावशीनं नारल फोडला व्हता ना याच्यावर? सगल्या गावाम्होरं फोडला. नारल फोडला म्हंजे तो दर्याचा जाला. दर्याचा म्हंजे आपला."

कोळीवाड्यात हे असंच होतं. ज्याच्यावर नारळ फुटला ते गावाच्या कामाला येणार, यात चोरी कुठली? सहदेवच्या बोलण्यात लबाडी नव्हती. त्याला ते सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट दिसत होतं. आणि मास्तर आले की परत बसवू, असं चंदूनं स्वतःला सांगितलं. पाना घेतला. माझाच पंप त्यानं इतक्या हलक्या हातानं काढला की मला दुखलंसुद्धा नाही.

संध्याकाळी किनाऱ्यावर सहदेवचं इंजिन धडधडलं. माझा पंप त्यात होता. खोटं नाही सांगत, मला हेवा वाटला आणि आनंदही झाला. माझा एक तुकडा तरी समुद्रात गेला.

पण गावात अशी गोष्ट लपून राहते होय? दुसऱ्या आठवड्यात चंदूचा काका आला, त्याचं नॉझल गळत होतं. मग मावसा आला. मग ज्याच्याशी काही नातं नाही असा आला आणि नातं सांगून गेला. "चंदू, तुज्या हातान हाय रं बाबा." बेअरिंग गेलं, स्प्रिंग गेली, पाण्याचा पंप गेला, शेवटी दट्ट्याही गेला. चंदू प्रत्येकाचं इंजिन आधी खोलून बघायचा, दोष शोधायचा आणि माझा भाग कुठे घासून, कुठे पत्र्याची पट्टी घालून बसवायचा. आधी तो नाही म्हणायचा. पण ज्यांच्या अंगाखांद्यावर खेळून मोठा झाला त्यांना किती दिवस नाही म्हणणार? दिवाळीपर्यंत सात-आठ होड्या माझ्या जोरावर चालत होत्या आणि मी खोलीत रंगीत टरफल होऊन बसलो होतो.

दिवाळीनंतर मास्तर आले. अजून डोळे पिवळेच. दार उघडून मला बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसले.

"शेठ पुढच्या रविवारी येतायत," ते म्हणाले. "चंदू, काय केलंस रे तू हे? परत आण सगळं."

चंदू घरोघर गेला. पण भर हंगामात चालती होडी कोण बंद करणार? आणि गावाला कळेचना की मास्तर एवढे का बिघडलेत. शेठनं गावाला इंजिन दिलं, गावानं वापरलं. शेठ खूशच होईल की!

रविवारी शेठ आले. सोबत दोन पाहुणे आणि एक फोटोवाला. चंदू पांढरा सदरा घालून उभा होता. सगुणा दाराबाहेर, आत यायचं धाडस नव्हतं तिचं. शेठनी मला बघितलं, आधी पितळी पाटी बघितली आणि मग पाटीखालचं रिकामं भोक. त्यांचा चेहरा उतरला, पण ते म्हणाले, "बोल मुला."

आणि चंदू बोलला. रिकाम्या जागेवर हात ठेवून बोलला. इथे दट्ट्या, तो असा वर येतो. इथे हवा दबते, तापते. इथून डिझेलचा फवारा येतो, तोही नेमक्या क्षणाला, आधी आला तर ठोका बसतो, उशिरा आला तर नुसता धूर. हातांनीच दट्ट्या झाला, हातांनीच झडप. एकदाही अडखळला नाही. मास्तरांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. मी आतून पार पोकळ झालो होतो, तरी त्या दिवशी मला वाटलं, आता मी सुरू होतो. पाहुण्यांपैकी एकानं टाळी वाजवायला हात उचललासुद्धा.

शेठनी विचारलं, "छान. पण सामान कुठे आहे?"

तिथे चंदू खोटं बोलला असता तर? पण त्याला खोटं बोलायचं कारणच दिसलं नाही. उलट त्याचा चेहरा उजळला. "होड्यांत आहे शेठ. या ना, दाखवतो. सगळी चालू आहेत. तुमच्या एका इंजिनावर सात-आठ होड्या चालतायत, मी बसवलंय सगळं."

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. मग मास्तर पुढे झाले. "शेठ, परवानगी घेतली नाय ही चूक झाली. माझीपण झाली. पण बंद पडलेली इंजिनं यानं चालू केली आहेत. याच्याहून मोठी परीक्षा आपण काय घेणार?"

शेठनी पाटीवरून बोट फिरवलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मास्तर, हे मी मासे पकडायला दिलं नव्हतं. पुढच्या वर्षी जो मुलगा येईल तो कशावर शिकेल? त्याच्यापुढे तुम्ही काय ठेवणार, भोकं?" आणि मग चंदूकडे वळून, "माझ्या मुलानं घरातलं सगळं उघडलं, पण दुसऱ्याची वस्तू कधी विकली नाही."

"विकली नाय," चंदू म्हणाला. "कुणाकडून काय घेतलं नाय मी."

"विकलं काय, वाटलं काय, तेच ते," शेठ म्हणाले आणि बाहेर पडले. किनाऱ्यावर नुकत्याच होड्या लागत होत्या. त्यांनी एकदा जरी मान वळवून बघितलं असतं! पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्यातून त्यांना फक्त आपला गेलेला मुलगा दिसत होता.

वर्ग बंद झाला. निधी मुलुंडच्या एका शाळेकडे गेला. मास्तर मार्व्याच्या मचव्यात चढताना चंदूला म्हणाले, "माका माफ कर." मचवा दिसेनासा झाल्यावर चंदू परत फिरला. तो येऊन माझ्यापाशी बसला.

दिवेलागणीला सगुणा त्याला न्यायला आली. मागून सहदेव. त्यानं पोराच्या डोक्यावर हात ठेवला, खरंच प्रेमानं ठेवला, आणि म्हणाला, "जाला ते बरा जाला. तू गेला असतास त आमचे इंजान कोनी बघितले असते?"

सगुणानं नवऱ्याकडे असं बघितलं की माझं लोखंड गार पडलं. पण बोलली फक्त एवढंच, "चल घरा. भात निवला."

गावाला आनंद झाला हो. खरंच झाला. होळीला चंदूला मानाचा नारळ दिला. आपला पोरगा आपल्याकडे राहिला, आता बिघडलेलं इंजिन घेऊन कुठे जायला नको. आणि चंदू गावातल्या सगळ्या होड्या दुरुस्त करायला लागला. काका-मामांकडून पैसे कसे मागणार? कुणी टोपलीतलं म्हावरं द्यायचं, कुणी पाठ थोपटायचं. पहिली दोन-तीन वर्षं तो इंजिन उघडलं की बाजूच्याला सांगायचा, असं का झालं, हवा कुठे दबली नाही. बाजूचा म्हणायचा, "ते जाऊ दे यार, चालू कर." मग तो सांगेनासा झाला. मग स्वतःलाही विचारेनासा झाला. चालत नसेल तर हातोडी, आणि हातोडीनं नाही तर शिवी. संध्याकाळी दारू. माझ्या खोलीवरून रोज जायचा, आत बघायचा नाही.

मी मात्र तिथेच होतो. खारी हवा माझे रंग खात गेली. आधी निळा गेला, मग लाल. कुणी माझ्यावर जाळी वाळत घातली, कोंबड्यांनी माझ्या पोटात अंडी घातली. एवढी वर्षं नुसता विचार करत बसलो, दुसरं होतं काय करायला? आणि मला एकच कळलं. दान देणाऱ्यांनो, तुम्ही शिकवायला इंजिन कापून देता ना, मग त्याच्या जोडीला एक अख्खंही देत जा. ज्याच्या घरची होडी किनाऱ्यावर पडलीय त्याच्या पोरापुढे कापलेलं इंजिन ठेवून 'बघ, पण लावू नकोस' म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला पंगतीत बसवून पानाला हात लावू न देणं. आणि नारळ फोडणाऱ्यांनो, तुमचंही चुकलं. होड्या तुमच्या चालल्या, पण माझ्याबरोबर तुम्ही त्या पोरालाही तुकड्यातुकड्यानं नेलंत, आणि तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही. हे मी दोघांनाही ओरडून सांगितलं असतं. पण ओरडायला पोटात दट्ट्या लागतो.

आज सकाळी ही खोली रिकामी करायला माणसं आली. इथे मच्छीमार सोसायटीचं बर्फ ठेवणार आहेत. मला न्यायला कांजूरहून भंगारवाला आलाय, त्याच्यासोबत हातगाडी. माझे तळाचे बोल्ट गंजून बसलेत, ते निघेनात, म्हणून चंदूला बोलावलं. तो आला. केस पांढरे व्हायला लागलेत, तिशीतच. पान्याला तेल लावून खाली बसला. कितीतरी वर्षांनी त्याचा हात माझ्या अंगाला लागला.

भंगारवाला माझ्या खिडकीत डोकावत होता. आत कोपऱ्यात पिवळ्या रंगाचा टवका अजून शिल्लक आहे. तो चंदूला म्हणाला, "भाऊ, हे नक्की होतं तरी काय? पोटाला भोकं कशाला पाडलीत?"

चंदूचा हात थांबला. मी वाट बघितली. त्याला सगळं येत होतं, अजूनही येत असणार. हवा कशी तापते, आग कुठून येते, एका श्वासात सांगितलं असतं त्यानं.

"काय नाय," तो म्हणाला. "लोखंड हाय. उचल."